पैसे नंतर द्या, आधी रविवार द्या

महाराष्ट्रात माहिती अधिकाराचा अर्ज एका विषयापुरता आणि दीडशे शब्दांत बसवावा लागतो. २०१२ पासूनचा हा नियम आहे. त्याच वर्षीच्या केंद्राच्या नियमांत पाचशे शब्दांची मुभा आहे, आपल्याकडे दीडशे. ज्या बाईला पाण्याची टाकी, विहिरीचं अनुदान आणि घरकुलाची यादी हे तिन्ही एका दमात विचारायचं असतं, तिचं सगळं ऐकून घ्यायचं, त्यातला एक विषय तिलाच निवडायला लावायचा आणि तो दीडशे शब्दांत उतरवायचा, हे काम मला मनापासून आवडतं. वरून दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट. दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर तेही लागत नाही.

कळंबला माझं संगणक प्रशिक्षण केंद्र आहे. एमएस-सीआयटीच्या बॅचेस, लग्नपत्रिका, फॉर्म भरणं, झेरॉक्स, असं सगळं एकाच गाळ्यात चालतं. मांजरा नदीच्या अलीकडच्या आमच्या धाराशिव जिल्ह्यातल्या आणि पलीकडच्या, बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातल्या गावांत एकल महिला आणि ऊसतोड कामगारांची एक छोटी संघटना काम करते. रविवारी दुपारी केंद्र बंद असतं, तेव्हा तिथे त्यांचं काम चालतं. मी त्यांची सभासद नाही, पगारी कर्मचारी नाही आणि देणगीदारही नाही. मी त्यांना वेळ देते. ओळखीचे लोक अधूनमधून विचारतात, की अशा संघटनांना नेमकी काय मदत करावी, पैसे कुठे पाठवावेत. उत्तर थोडं लांब आहे, म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवते.

पैसे नकोत असं कुणीही म्हणत नाही. एसटीचं भाडं लागतं, छपाई लागते. पण पैशाच्या वाटा अरुंद झाल्यात. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली. त्याआधी मोठ्या शहरातली संस्था परदेशी निधी घेऊन त्यातला काही भाग आमच्यासारख्या भागातल्या लहान संस्थेला देऊ शकत होती. आता देता येत नाही. प्रशासकीय खर्चाची मर्यादाही पन्नास टक्क्यांवरून वीसवर आली. कंपन्यांचा सामाजिक निधी आहे, पण त्यातून शाळेची खोली होते, स्वच्छतागृह होतं, पाण्याचं मशीन बसतं. ग्रामसभेत हिशेब विचारायला शिकवणाऱ्या बायकांसाठी त्यातून कुणी पैसे दिलेले मी आमच्या भागात तरी पाहिले नाहीत. फीत कापायला त्यात काही नसतं. म्हणून अशा संघटना आज तगल्यात त्या माणसांनी दिलेल्या वेळावर, कौशल्यावर, उसन्या लॅपटॉपवर आणि एखाद्या वकिलाने फी न घेता तपासून दिलेल्या अपिलावर.

हे आमच्याकडे नवीन नाही. १९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. पुढे घरं दुरुस्त आणि मजबूत करण्याचा कार्यक्रम आला, तेव्हा लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने गावोगावच्या बायकांना संवाद सहाय्यक म्हणून उभं केलं. सरकारचा निर्णय काय आहे, हप्ता कधी मिळतो, भिंतीला कुठे काय बसवायचं, हे त्या घरोघरी जाऊन सांगत आणि लोकांची अडचण वर पोचवत. त्यांच्या हातात माहिती होती आणि गावाचा विश्वास होता. माझी आत्या औशाकडच्या गावात राहायची. त्या बायका पंचायतीच्या पायरीवर बसून यादी वाचायच्या आणि सगळं गाव गप्प बसून ऐकायचं, हे मी तिच्याच तोंडून ऐकलंय. आज यादी मोबाइलवर आली. पण ती उघडून वाचणारी, चारचौघींत मोठ्याने सांगणारी बाई तेव्हाइतकीच आजही लागते.

आता प्रत्यक्ष काम कसं चालतं ते सांगते.

ई-ग्रामस्वराज हे पोर्टल २४ एप्रिल २०२० ला सुरू झालं. ग्रामपंचायतीचा विकास आराखडा, त्यातली कामं, त्यावर झालेला खर्च, हे सगळं तिथे कुणालाही पाहता येतं. लॉगिन लागत नाही. ही फार मोठी गोष्ट आहे आणि ती सरकारने केली आहे, हे मी प्रत्येक वेळी आधी सांगते. संघटनेच्या अध्यक्षांना सगळे अक्का म्हणतात. त्यांचं शिक्षण सातवीपर्यंत. पहिल्यांदा पोर्टल उघडलं तेव्हा वर्ष निवडा, राज्य निवडा, जिल्हा परिषद, पंचायत समिती, ग्रामपंचायत, असं एकेक करत त्या आपल्या गावापर्यंत पोचल्या. गावाचं नाव स्क्रीनवर दिसलं तशा खुर्चीत सरसावून बसल्या. "हे आमचंच गाव दिसायलंय की ओ म्याडम!" मग खाली इंग्रजी कामांची नावं, संक्षेप आणि आकडे आले, तशा गप्प झाल्या.

तिथून खरं काम सुरू झालं. आम्ही एक साधा तक्ता केला. कामाचं नाव मराठीत, आराखड्यात धरलेली रक्कम, झालेला खर्च, आणि शेवटचा रकाना: "जागेवर काय दिसतं". शेवटच्या रकान्यासाठी संगणक लागत नाही, चालत जावं लागतं. पंधराव्या वित्त आयोगाचा निधी बंधित आणि अबंधित असा येतो. २०२१-२२ ते २०२५-२६ या वर्षांसाठी साठ टक्के बंधित, म्हणजे पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांसाठीच. चाळीस टक्के गावाच्या गरजेप्रमाणे, पगार आणि आस्थापनेवर मात्र नाही. हे एकदा समजल्यावर बायकांच्या प्रश्नांचा रोखच बदलला. आधी त्या "आमच्या वस्तीवर पाणी नाही" असं म्हणायच्या, त्यावर "बघू, करू" असं उत्तर मिळायचं. आता त्या विचारतात, "बंधितमधले किती आले, त्यातले पाण्यावर किती गेले, आणि आमच्या वस्तीचं काम आराखड्यात कितव्या नंबरवर आहे?"

एका गावात गटाराचं काम खर्ची पडलेलं दिसत होतं. बायका टेप घेऊन गेल्या. गटार होतं, पण शाळेच्या कोपऱ्यावर येऊन थांबलेलं. पुढे वस्तीपर्यंत नाल्याची मातीच होती. त्यांनी भांडण केलं नाही. महिला ग्रामसभा मुख्य ग्रामसभेच्या आधी घ्यावीच लागते, त्या सभेत हा विषय मांडून ठरावात लिहून घेतला आणि मोठ्या सभेत पोर्टलची प्रिंट टेबलावर ठेवली. ग्रामसेवकांनी (पदाचं नाव आता बदललंय, गावात मात्र ग्रामसेवकच म्हणतात) कागद हातात घेतला, नीट वाचला आणि म्हणाले, "हे तुम्हाला कुणी काढून दिलं?" अक्का म्हणाल्या, "आम्हीच काढलंय. तुमचंच हाय, बघा." पुढचा टप्पा दुसऱ्या निधीत धरला आहे, असं त्यांनी तिथे सांगितलं आणि ते इतिवृत्तात लिहिलं गेलं. ते झालं की नाही, हे बायका आता पुन्हा टेप घेऊन पाहतील. मला यात सर्वांत मोलाचं वाटतं ते इतिवृत्तातलं ते एक वाक्य. तोंडी आश्वासनाचं लेखी झालं.

माहिती अधिकार कायद्यातल्या "माहितीचा अधिकार" या व्याख्येत कागदांच्या नकलांखेरीज चालू कामाची पाहणी करणं आणि साहित्याचे नमुने घेणंही येतं. हे आम्हाला एका वकीलसाहेबांनी सांगितलं. ते महिन्यातून एकदा लातूरहून येतात, चहा घेतात आणि चार अपिलं वाचून देतात. त्यांच्या त्या दोन तासांची किंमत कुठल्याही देणगीच्या पावतीवर लिहिता येणार नाही.

दुसरं मोठं काम म्हणजे किल्ल्यांचं. किल्ल्या म्हणजे पासवर्ड. संघटनेचा ईमेल एका जुन्या कार्यकर्त्याच्या मोबाइल नंबरवर होता आणि तो पुण्याला नोकरीला गेलेला. फेसबुक पान दुसऱ्याच्या खात्यावर. वेबसाइटचं नाव तिसऱ्याच माणसाने स्वतःच्या नावावर नोंदवलेलं आणि नूतनीकरणाचा मेल त्याच्याच पत्त्यावर जाणारा. कुणाच्याही मनात वाईट नव्हतं. ज्याला जमलं त्याने ते करून दिलं होतं. पण उद्या एखाद्या सरपंचाविरुद्ध काही लिहिलं आणि पान बंद पडलं, तर ते पुन्हा चालू करायला कुणाकडे जायचं? आम्ही सगळी खाती संघटनेच्या स्वतःच्या नंबरवर आणली, दोन टप्प्यांची पडताळणी चालू केली, आपत्कालीन कोड कागदावर लिहून सीलबंद पाकिटात अक्कांच्या कपाटात ठेवले. कुठलं खातं कुणाकडे, मुदत कधी संपते, याची वही केली. वही अक्कांकडे असते. माझ्याकडे एकही पासवर्ड नाही, आणि मी तसा आग्रहच धरला. मदत करणाऱ्याच्या हातात किल्ल्या राहिल्या, तर तो उद्या मालकासारखा वागू शकतो.

याहून नाजूक गोष्ट कागदपत्रांची. विधवा, परित्यक्ता, एकट्या राहणाऱ्या बायकांचे आधार, बँक पासबुक, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, हे सगळं व्हॉट्सॲपच्या गटात फोटो काढून टाकलं जायचं. निराधार योजनेचा अर्ज भरायचा असतो, सगळ्यांना घाई असते, त्या घाईत हे होतं. गटात शेकडो जणी, प्रत्येकीच्या घरात फोन मुलाच्या नाहीतर दिराच्या हातात. ज्या बाईने नवरा मारतो म्हणून घर सोडलंय, तिचा नवा पत्ता असलेला कागद अशा गटात पडणं किती घातक आहे, हे मी बैठकीत बोलले तेव्हा मागे बसलेल्या एकीने पदर तोंडाला लावला. त्या दिवसापासून नियम झाला: कागद गटात टाकायचा नाही, एका ठरलेल्या कार्यकर्तीलाच द्यायचा, काम झालं की कार्यकर्तीने तो त्या बाईसमोरच फोनमधून पुसायचा. आधारच्या संकेतस्थळावरून पहिले आठ आकडे झाकलेली प्रत काढता येते, ती चालत असेल तिथे तीच वापरायची. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संघटनांनाही लागू होतो. पण कायद्याच्या आधी ती त्या बाईशी असलेली बांधिलकी आहे.

याच कायद्याची दुसरी बाजू मला सलते. त्याने माहिती अधिकार कायद्याचं वैयक्तिक माहितीबद्दलचं उपकलम बदललं. आधी त्या उपकलमातच व्यापक जनहिताची अट होती, आणि संसदेला नाकारता येणार नाही ती माहिती नागरिकालाही नाकारता येणार नाही, अशी जोड होती. आता वैयक्तिक माहिती एवढं कारण पुरतं. कलम ८ (२) मधला जनहिताचा मुद्दा शिल्लक आहे, पण तो प्रत्येक वेळी आपण मांडून पटवून द्यायचा. घरकुलाच्या, अनुदानाच्या, हजेरीच्या यादीतली नावं पाहूनच गावाला कळतं, की मेलेल्या माणसाच्या नावावर पैसे निघाले की काय. ती यादी "वैयक्तिक" ठरली तर सामाजिक अंकेक्षण, म्हणजे गावाने करायची खर्चाची तपासणी, करायची कशावर? एका बाईचा पत्ता झाकला पाहिजे आणि सार्वजनिक पैसे घेणाऱ्यांची यादी उघडी असली पाहिजे. या दोन्ही गोष्टी मला सारख्याच महत्त्वाच्या वाटतात, त्यांत मला विरोध दिसत नाही. म्हणून आमच्या अर्जांत आता जनहिताचं कारण पहिल्या दोन ओळींत येतं. दीडशे शब्दांतले वीस-पंचवीस त्यातच जातात.

ऊसतोडीचं मात्र वेगळंच आहे. दिवाळीनंतर कोयते निघतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, थेट मार्च-एप्रिलपर्यंत. २६ जानेवारीच्या ग्रामसभेला अर्ध्या वस्तीला कुलूप असतं. २०२४ च्या विधानसभेला गाळप १५ नोव्हेंबरपासून आणि मतदान २० नोव्हेंबरला होतं. हंगामात गाव सोडणाऱ्या माणसाला गावाच्या निर्णयात जागा कशी मिळावी, याचं उत्तर कुठल्याही ॲपमध्ये नाही. आम्ही जमेल ते करतो. ग्रामसभेच्या नोटिशीचा फोटो मिळाला की फडावरच्या गटांना पाठवायचा, ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी तो आवाजात वाचून पाठवायचा. तिकडून त्या आवाजातच आपली मागणी सांगतात. इथे राहिलेली एखादी सासू किंवा नणंद ती लेखी करून सभेत देते. मराठी बोलून टाइप करायची सोय फोनमध्ये आहे, पण ती पुस्तकी बोलीला सरावलेली. "पानी येईना गेलंय" म्हटलं की भलतंच उमटतं. ते दुरुस्त करायला शाळकरी पोरी बसतात, आणि त्या निमित्ताने पोरींना आपल्या आईची मागणी पहिल्यांदा लेखी वाचायला मिळते.

स्थलांतरित कुटुंबांची नोंद ठेवायला आम्ही कोबो टूलबॉक्स हे मोबाइलवर फॉर्म भरायचं साधन वापरतो. फुकट आहे, मराठीत प्रश्न घालता येतात, रेंज नसली तरी फॉर्म भरून नंतर पाठवता येतो. इंटरनेटचा भरवसा आमच्याकडे तसाही नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये आरक्षण आंदोलनाच्या वेळी जालना, बीड, छत्रपती संभाजीनगर या जिल्ह्यांत इंटरनेट बंद केलं गेलं, तेव्हा नदीच्या पलीकडच्या बायकांशी गटावरचं बोलणं तुटलं. त्यानंतर प्रत्येक गावाचे तीन फोन नंबर कागदावर लिहून दोन्ही काठांवर ठेवलेत.

आता शहरातून येणाऱ्या मदतीबद्दल, मनात काही न ठेवता. एक दिवसाची कार्यशाळा, इंग्रजी स्लाइड्स, शेवटी गटफोटो, यातून काही उरत नाही. कॉलेजच्या मुलांनी उत्साहाने संघटनेसाठी ॲप बनवलं होतं, दिसायला सुरेख. मुलं पास होऊन गेली, सर्व्हरची मुदत संपली, आणि त्यात भरलेल्या नोंदीही गेल्या. मुलांना दोष देत नाही. पण पुढच्या वर्षी हे कोण चालवणार, हे आधी विचारायला हवं होतं. धोक्यात आलेल्या संघटनांसाठी ॲक्सेस नाऊसारख्या जागतिक संस्थेची डिजिटल सुरक्षा हेल्पलाइन चोवीस तास, विनामूल्य आहे. पण अक्कांना तिथे मराठीत बोलता येत नाही. मधे कुणीतरी आपलं माणूस लागतं, आणि ते माणूस कळंब-केजच्या अंतरावर असावं लागतं.

राजस्थानात २०१९ साली जन सूचना पोर्टल आलं. तिथल्या मजदूर किसान शक्ती संघटनेची माणसं सरकारच्या माहिती तंत्रज्ञान विभागासोबत बसली आणि कुठली माहिती, कुठल्या रूपात, गावपातळीवर दिसावी, यावर तासन् तास बोलली. १९९० च्या दशकात जनसुनवाईत मस्टर, म्हणजे मजुरांचे हजेरीपट, मोठ्याने वाचणारी हीच संघटना. त्यांनी पोर्टलसाठी पैसे दिले नाहीत. कुठला रकाना नसला तर चोरी लपते, एवढं त्यांना अनुभवाने ठाऊक होतं आणि तेच त्यांनी दिलं. आपल्याकडच्या पोर्टलवर "जागेवर काय दिसतं" असा रकाना यावा, गावाने तो भरावा आणि अधिकाऱ्याने त्याला उत्तर द्यावं, असं मला वाटतं. आमच्याकडे भरलेल्या तक्त्यांची आता चांगली जाड फाइल झालीय. ती घेऊन जिल्हा परिषदेत बसायची आमची तयारी आहे.

सध्या आम्हाला तातडीने हवा आहे तो निवृत्त कनिष्ठ अभियंता किंवा ओव्हरसियर. कामाचं अंदाजपत्रक आणि एमबी, म्हणजे मोजमाप पुस्तिका, वाचून दाखवणारा. घनमीटर कसे काढतात, सिमेंटचं प्रमाण कुठे लिहिलेलं असतं, बिल कुठल्या नोंदीवर निघतं, हे बायकांना शिकवायचं आहे. दुसरं, जुन्या अहवालांचा एक गठ्ठा श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे. तो युनिकोडमध्ये आणून शुद्धलेखन तपासायला दोघं-तिघं लागतील, हे काम घरी बसून होतं. तिसरं, चालू स्थितीतला जुना लॅपटॉप असेल तर बॅटरीसकट द्या, कारण लाइट दुपारीच जाते. कळंब, केज, वाशी, अंबाजोगाई या पट्ट्यात कुणी असाल तर रविवारी दोननंतर केंद्रावर या. निदान सहा महिने येणं जमेल, एवढं मात्र घरी बोलून ठरवून या.